औषधी बियांची ओळख : नाव, रूप आणि अंतरंग

दोन बिया अगदी सारख्या दिसतात असे आपण म्हणतो, तेव्हा त्या आपण हातभर अंतरावरून पाहिलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली कलौंजी आणि कांद्याचे बी, ओवा आणि खुरासानी ओवा, मोहरी आणि पिवळ्या धोत्र्याचे बी यांतला फरक शाळकरी पोरालाही दाखवता येतो. तरी या जोड्यांची गल्लत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि त्यांतल्या काहींनी माणसेही मारली आहेत. दोष डोळ्यांचा थोडा, पाहण्याच्या क्रमाचा फार. आपण आधी नाव विचारतो, मग रंग बघतो, मग आकार, आणि तिथेच थांबतो. बीच्या ओळखीत या तिन्ही गोष्टी सर्वांत कच्च्या आहेत. पक्क्या खुणाही तीनच: तो दाणा मुळात झाडाचा कोणता भाग आहे, तो झाडाला कुठे चिकटला होता, आणि कापल्यावर आत काय दिसते. हा क्रम उलटवला की बहुतेक जोड्या आपोआप सुटतात. ज्या सुटत नाहीत, त्या कोणत्या हेही कळते, आणि ते कळणेही कमी महत्त्वाचे नाही.

हैदराबाद हे शहर या अभ्यासाला जितके सोयीचे तितकेच अडचणीचे. बेगम बाजार आणि उस्मानगंज इथे मसाल्यांचा आणि काष्ठौषधींचा घाऊक व्यापार चालतो. चारमिनारला लागून निजामिया तिब्बी महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. एर्रागड्ड्याला त्वचारोगांवर काम करणारी राष्ट्रीय युनानी संशोधन संस्था, तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था, गड्डीअन्नारमला भारतीय वैद्यकीय वारशाची संस्था. एवढी विद्या एका गावात क्वचित असते. अडचण अशी, की इथल्या अत्ताराच्या, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याच्या, एकाच फळीपुढे चार भाषा उभ्या असतात. हकिमाच्या चिठ्ठीत फारसी-अरबी नावे, वैद्याच्या यादीत संस्कृत, आसपासच्या खेड्यांतून आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी तेलुगू, आणि काचीगुडा-सुलतान बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांतून आलेल्या आजीबाईंच्या तोंडी मराठवाड्याची बोली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे ही नावे पाहुणी नव्हेत, घरचीच आहेत. दुकानदार चारही ऐकतो आणि मनाशी जुळवून डबा उघडतो. बहुतेक वेळा बरोबर उघडतो. आपला विषय उरलेल्या वेळांचा आहे.

दाणा बी आहे की फळ?

बाजारात कोणत्याही बारीक, सुक्या दाण्याला ‘बी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांतले पुष्कळ दाणे बी नसून फळे आहेत. जिरे, ओवा, शेप, शहाजिरे हे दाणे म्हणजे सबंध फळे किंवा त्यांचे अर्धे भाग; फळ पिकले की उभे दुभंगते. कडू जिरे आणि कारळे ही सूर्यफुलाच्या कुळातली एकबीजी कोरडी फळे, ज्यांना कृत्स्नफळ म्हणतात. सब्जा हे तुळशीच्या कुळातले छोटे कठीण फळ. एका फुलातून अशी चार निघतात. बावची ही एकाच बीची शेंग, जिचे टरफल आतल्या बीला कायमचे चिकटलेले असते. मिरी आणि वावडिंग ही वाळलेली सबंध फळे. खरोखरच्या बिया म्हणजे कलौंजी, मोहरी, धोत्रा, कुचला, गुंज, एरंड, इसबगोल.

हा पंडिती भेद नाही, ओळखीची ती पहिली पायरी आहे. बीला एकच वण असतो, नाभी. तिथून ती फळाला चिकटलेली असते. फळाला दोन टोकांना दोन खुणा असतात: एकीकडे देठाची, दुसरीकडे फुलाच्या उरलेल्या भागाची. भिंगाखाली दाण्याच्या माथ्यावर कुक्षीवृंताचा काटा, केसांचा झुपका किंवा पाकळ्यांच्या तळाची चकती दिसली, तर ते फळ. एवढ्या एका प्रश्नात बाजारातली एक घातक जोडी फुटते.

ती जोडी म्हणजे ओवा आणि खुरासानी ओवा. नाव एक, कुळे दोन. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. खुरासानी ओवा, म्हणजे हकिमांचा बंज, हा धोत्र्याच्या कुळातला, हायोसायमस नायजर. त्यात हायोसायमिन आणि हायोसिन ही अल्कलॉइडे असतात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो. जाणकार हकीम तो झोपेसाठी आणि वेदनेवर बेताने वापरत आले आहेत. ओवा म्हणून पोटदुखीवर चिमूटभर फाकण्याची ती वस्तू नव्हे. ओव्याचा दाणा पाहा: दोन अर्धे, प्रत्येकावर पाच उभे कंगोरे, पृष्ठभागावर फिकट बारीक पुळ्या, माथ्यावर फुलाच्या तळाची उरलेली गाठ. चोळला की थायमॉलचा वास नाकात चढतो. खुरासानी ओव्याला कंगोरे नाहीत, दुभंग नाही, माथा नाही. तो जेमतेम दीड मिलिमीटरचा, चपटा, वृक्काकार म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचा, राखी-तपकिरी दाणा. त्यावर जाळीदार खळगे आणि एका बाजूला नाभीचा एकच वण. चोळला तर ओव्याचा वास येत नाही. पुडीवरचे नाव झाकून नुसता दाणा दाखवला, तर ही गल्लत होणार नाही. ती होते नावामुळे.

अजमोदा हे तिसरे नाव याच ओळीत येते, पण ते दुखणे वेगळे आहे. मराठी घरातला अजमोदा, आयुर्वेदीय औषधिकोशातली अजमोदा आणि हकिमांचा करफ्स या एकाच कुळातल्या निरनिराळ्या वनस्पती आहेत. तिन्ही फळे, तिन्हींना कंगोरे, तिन्ही सुगंधी. इथे भिंग कुळापर्यंत नेते आणि तिथेच सोडते. सुदैवाने या चुकीत जीव जात नाही.

काळ्या दाण्यांचा गोतावळा

‘काळे जिरे’ मागा आणि काय मिळते ते पाहा. एखाद्या घरात त्याचा अर्थ कलौंजी, दुसऱ्यात शहाजिरे, तिसऱ्यात कडू जिरे. तेलुगूत ‘नल्ल जीलकर्र’ म्हटले तरी तोच घोळ, कारण नल्ल म्हणजे काळे. आयुर्वेदीय औषधिकोशाने कृष्णजीरक हे नाव विलायती शहाजिऱ्याला, कॅरम कार्वीला, दिले आहे आणि कलौंजीला उपकुंचिका म्हटले आहे. पण औषधिकोश वाचून जिरे घ्यायला कोण जातो? इथे रंगावर विसंबणे म्हणजे सर्वांत निरुपयोगी खुणेवर विसंबणे, कारण सगळेच दाणे काळे किंवा काळपट आहेत.

कलौंजी, नायजेला सटायवा, ही खरी बी. दोन ते साडेतीन मिलिमीटर, निस्तेज काळी, तीन-चार कोनांची, एकीकडे निमुळती. पृष्ठभाग कोरडा आणि आडव्या बारीक सुरकुत्यांनी जाळीदार. आत पांढरा, मऊ, तेलकट गर. कागदावर ठेवून नखाने चिरडली की तेलाचा डाग उमटतो आणि किंचित तिखट सुगंध येतो.

कांद्याचे बी लांबून हुबेहूब कलौंजीसारखे. तेही काळे, कोनदार, सुरकुतलेले. इंग्रजीतून आलेल्या पाककृतींनी कलौंजीला कांद्याचे बी म्हणून टाकले, तेव्हापासून शिकलेल्या घरांतही ही समजूत घट्ट बसली आहे. फरक आतून कळतो. कांद्याचे पुष्क, म्हणजे बीतला अन्नसाठा, शिंगासारखा टणक आणि करडा-पांढरा असतो. चिरडायला जोर लागतो आणि कागदावर डाग जवळजवळ पडत नाही. तरीही शंका उरली तर दोन्ही ओल्या कापसावर पेरा. कांद्याचा कोंब दुमडलेल्या हिरव्या दोऱ्यासारखा एकटा वर येतो, कारण तो एकदलिकित. कलौंजीला दोन स्वतंत्र हिरव्या दलिका, म्हणजे बीतली पहिली पाने, फुटतात. आठ-दहा दिवसांच्या या परीक्षेत हरकत घ्यायला जागा नाही. दाणा जिवंत असला पाहिजे, एवढीच अट. नाशिककडच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, तो दोन्ही दाणे दुरूनच ओळखील.

कडू जिरे, सेंट्राथेरम अँथेलमिंटिकम, हे कृमींवरचे जुने औषध. हा दाणा यांत सर्वांत लांब, साडेचार ते सहा मिलिमीटर. गडद तपकिरी ते काळा, बुडाशी निमुळता, अंगावर सुमारे दहा उभे कंगोरे आणि बारीक लव. माथ्यावर तुटलेल्या केसांच्या झुपक्याचे अवशेष. म्हणजे फळ, आणि सूर्यफुलाच्या कुळातले. कारळे, ज्याला आपण खुरासणी म्हणतो आणि ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेही त्याच कुळातले. पण अंगाने गुळगुळीत, तकतकीत काळे, माथ्यावर केस नाहीत, लव नाही. कारळ्याऐवजी कडू जिरे पडले तर पहिल्याच घासाला कळते. उलट झाले तर काही कळत नाही, फक्त औषध लागू पडत नाही. रोग्याने चूक ओळखण्याची शक्यता या दुसऱ्या प्रकारात शून्य असते, म्हणून तो मला अधिक काळजीचा वाटतो.

शहाजिरे हैदराबादेत औषधापेक्षा बिर्याणीसाठी जास्त खपते. खरे शहाजिरे, ब्युनियम पर्सिकम, काश्मीर आणि हिमाचलच्या उंच भागातले. त्याच्या जागी पुष्कळदा कॅरम कार्वी येते. दोन्ही कंगोरेदार अर्धफळे. शहाजिऱ्याचा दाणा अधिक बारीक आणि गडद. कार्वीचा चार ते सहा मिलिमीटर, बाकदार, आणि त्यावरचे पाच फिकट कंगोरे नुसत्या डोळ्यांना उठून दिसतात. वासात मात्र सरावलेले नाक भिंगापेक्षा आधी निकाल देते. इथल्या भटारखान्यांतल्या आचाऱ्यांचे नाक मी कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच मानतो. फक्त त्यांचा निकाल लिहून ठेवता येत नाही.

या काळ्या मंडळीत आणखी एक नाव येते, ते हैदराबादेच्या खास संदर्भामुळे. अंगावरच्या पांढऱ्या डागांना, म्हणजे कोडाला, हकीम बर्स म्हणतात. त्यावरच्या युनानी उपचारांसाठी एर्रागड्ड्याच्या संस्थेचा लौकिक दूरवर आहे आणि त्या उपचारातले मुख्य द्रव्य म्हणजे बावची. बावचीचा दाणा तीन ते साडेचार मिलिमीटर, चपटा वृक्काकार, काळपट, अंगभर खळगे. त्यातले सोरालेन त्वचेला सूर्यप्रकाशाबाबत हळवी करते. डागावर रंग यावा म्हणून नेमके हेच हवे असते आणि प्रमाण चुकले की त्वचा भाजते तीही याचमुळे. बावचीचे एक संस्कृत नाव सोमराजी. बंगालच्या बाजारात ‘सोमराज’ मागितले तर मिळते कडू जिरे. नुसत्या ग्रंथावरून यादी करणाऱ्याची फसगत इथे ठरलेली. दाणे शेजारी ठेवले तर गल्लत अशक्य: एक वृक्काकार आणि खळग्यांचा, दुसरा लांबट, दहा कंगोऱ्यांचा, लवदार. बावचीला आणखी एक पडताळा आहे. तिचा मद्यार्कातला अर्क नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो. बावचीबरोबर कोडावरच्या चूर्णात पनवाड म्हणजे टाकळ्याचे बीही घालतात. तेव्हा टाकळ्याच्या जागी कासविंद्याचे बी आले नाही ना, हेही पाहावे लागते. टाकळ्याचा दाणा तिरका, कोनदार, तकतकीत. कासविंद्याचा चपटा, अंडाकृती, निस्तेज. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या शेंगा खाल्लेल्या लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकाच वेळी आघात करणारा आजार झाल्याचे बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे.

पाण्यात सोडल्यावर

काही दाणे पाण्यात पडले की भोवती बुळबुळीत आवरण धरतात. उन्हाळ्यात फालुद्यावर तरंगणारा सब्जा सर्वांच्या ओळखीचा. हकिमी औषधांत अशा दाण्यांचा एक गटच आहे. इसबगोल, रेहान, कनौचा आणि बारतंग यांचे ‘चहार तुख्म’ हे मिश्रण आव-जुलाबावर देतात. इथे पाणी हीच कसोटी ठरते, पण ‘फुगते की नाही’ एवढेच पाहून भागत नाही, कारण फुगतात सगळेच. कसे फुगतात आणि किती वेळात, ते पाहायचे.

सब्जा, म्हणजे हकिमांचा तुख्मे रेहान: निस्तेज काळा, सुमारे दोन मिलिमीटर, मिनिट-दोन मिनिटांत निळसर-करड्या पारदर्शक थराने वेढला जातो, मधला काळा ठिपका स्पष्ट राहतो, आणि दाणे सुटे असतात. चिया मुळात मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, आपल्या बाजारात कालपरवा आलेला. तो गुळगुळीत, चकचकीत आणि करड्या-तपकिरी नक्षीचा. पाणी हळूहळू धरतो आणि दाणे एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा होतो. बालंगा, लालेमान्शिया रॉयलीना, हा तिघांत लांबट, तीनधारी, एका टोकाशी पांढरा ठिपका असलेला. हा ठिपका म्हणजे दाणा फुलाच्या तळाशी चिकटला होता ती जागा. सुक्या दाण्यावर तो सापडला की पाण्याची वाटही पाहावी लागत नाही. घरच्या तुळशीचे बी याहून बारीक, तांबूस, आणि कमी फुगणारे. चौघेही एकाच कुळातले असल्याने आतून फार वेगळे नाहीत; म्हणून इथे, आणि जवळजवळ इथेच, बाहेरचे रूप आतल्यापेक्षा जास्त सांगते. क्रम उलटा करण्याच्या माझ्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

इसबगोलाचे बी फिकट गुलाबी-करडे, नौकाकार. आतल्या बाजूला खाच आणि तिच्यावर पातळ पांढरा पापुद्रा. बारतंग त्याच प्रजातीतला, पण जेमतेम मिलिमीटरभर, गडद आणि वेडावाकडा कोनदार. शुद्ध इसबगोलाची भुशी एक ग्रॅम घेऊन मोजनळीत पाण्यात फुगवली तर चाळीस मिलिलिटरच्या आसपास किंवा वर जाते. भेसळीचा माल तिथवर पोचत नाही. मोजनळी आणि काटा एवढ्याच साधनांत होणारी ही परीक्षा किरकोळ दुकानात सहसा होत नाही, हे मात्र विशेष.

आळीव बाळंतिणीच्या लाडवांमुळे मराठी घरात पाठ असलेला दाणा. तांबूस, गुळगुळीत, भिजला की बुळबुळीत. हैदराबादेत त्याच फळीवर खाकसी, म्हणजे खूबकलां, असते. तापात आणि गोवर-कांजिण्यांत हकीम ती देतात. दोन्ही मोहरीच्या कुळातले आणि दोन्ही तांबूस, फक्त खाकसी फार बारीक. मोठ्या-लहान दाण्यांची चाळण न केलेला माल असला की डोळा चकतो. पण आळिवाला एक खूण निसर्गाने जन्मतःच दिली आहे: त्याच्या दोन्ही दलिका त्रिखंडी असतात. ओल्या कापसावर पसरा, दोन-तीन दिवसांत तीन पाळ्यांची इवली हिरवी पाने दिसतात. या कुळात असे कोंब विरळाच. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग का नसतो, मला कळत नाही.

जिथे चूक परवडत नाही

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमावलीत अनुसूची ई(१) आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतल्या विषारी द्रव्यांची ती यादी. धोत्रा, गुंज, जेपाळ, कुचला, खुरासानी ओवा हे सगळे तिच्यात आहेत. या प्रत्येकाला निदान एक सारखा दिसणारा जोडीदार आहे.

धोत्रा आणि मिरची ही भारतीय न्यायवैद्यकातली सर्वांत प्रसिद्ध जोडी. वाटसरूंना अन्नातून धोत्रा चारून लुटण्याचा धंदा एके काळी देशभर चालत असे. रुमालाने गळा आवळणारे ठग वेगळे आणि हे वेगळे.  रोग्याच्या उलटीत सापडलेले चपटे पिवळट दाणे मिरचीचे की धोत्र्याचे, हा तेव्हा फाशीचा प्रश्न असे, आणि वैद्यकाचा विद्यार्थी आजही तो परीक्षेत सोडवतो. मिरचीचा दाणा पातळ, गोलसर, गुळगुळीत, पिवळा. त्याची बाहेरची कड एकेरी. धोत्र्याचा जाड, वृक्काकार, तपकिरी छटेचा, खळगेदार, कड दुहेरी. पण शिजलेल्या, अर्धवट पचलेल्या दाण्याची कड आणि रंग दोन्ही जातात. मग दाणा उभा चिरतात. मिरचीत गर्भ ६ या इंग्रजी आकड्यासारखा आत वळलेला असतो. धोत्र्यात तो नाभीपाशी बाहेरच्या अंगाला वळतो. दोन्ही एकाच कुळातले, बाहेरून भाऊभाऊ, आणि फरक आतल्या वळणात. न्यायालयाला पटेल असा पुरावा न्यायवैद्यकाने आतूनच शोधला, याची नोंद घ्यावी.

कुचला आणि निवळी यांची गोष्ट याहून विचित्र, कारण इथे कुळच नव्हे तर प्रजातीही एक, स्ट्रिक्नॉस. कोकणातला काजरा तो कुचला, तेलुगूत मुष्टी. त्याच्या बीत दोन-तीन टक्के अल्कलॉइडे असतात, मुख्यतः स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन. एका बीच्या चुऱ्यानेही माणूस दगावू शकतो. निवळी, तेलुगूत चिल्ल गिंज, गढूळ पाणी निवळवायला वापरतात. सुश्रुतसंहितेतला कतक तो हाच. कुचल्याची बी चपटी चकती असते: व्यास एक ते तीन सेंटिमीटर, जाडी चार ते सहा मिलिमीटर, राखी-हिरवट, आणि मधून कडेकडे पसरत जाणारी रेशमी लव. निवळीची लहान, फुगीर, जवळजवळ गोल, फिकट पिवळसर. बारीक कुचला आणि मोठी निवळी एकत्र झाली, तर व्यासाकडे बघू नका, जाडी आणि व्यास यांचे प्रमाण बघा. जुन्या पुस्तकांत चवीची कसोटी दिली आहे, कुचला अतिकडू म्हणून. ती कसोटी आता सोडून द्यावी. प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाचा थेंब कापावर टाकला की ब्रुसिनमुळे नारिंगी-तांबडा रंग येतो. त्यासाठी कोणी जीभ लावायची गरज नाही.

गुंज ओळखायला सोपी वाटते, तांबडी आणि तोंडाशी काळी. पण पांढरी गुंजही असते, आणि रतनगुंज सबंध तांबडी असते. खरी खूण अशी: तांबड्या गुंजेत काळा डाग नाभीभोवती असतो. रतनगुंजेला डाग नाही, ती भिंगासारखी दोन्हीकडून फुगीर, आणि वजनाने साधारण दुप्पट. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा या हिशेबाने एका गुंजेचे वजन १२१ मिलिग्रॅम पडते. सोनाराने शतकानुशतके जी वजनासाठी वापरली तीच आपल्याला तराजूवरून ओळखता येते. गुंजेतले ॲब्रिन भयंकर विष आहे. टणक सालीमुळे सबंध गिळलेली बी पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण फुटलेल्या किंवा माळेसाठी भोक पाडलेल्या गुंजेला ते संरक्षण नाही.

एरंड, मोगली एरंड आणि जेपाळ म्हणजे जमालगोटा हे एकाच कुळातले तिघे. एरंडाची बी चकचकीत, ठिपकेदार, टोकाशी फिकट मऊ गाठ. मोगली एरंडाची काळी, निस्तेज, तडे गेलेली, दोन सेंटिमीटरच्या जवळपास. शाळकरी मुले बदामासारखी म्हणून खातात आणि ओकाऱ्यांनी दवाखान्यात पोचतात, असे महाराष्ट्रात वारंवार घडते. जेपाळाची बी सव्वा सेंटिमीटर, दालचिनी रंगाची, घासलेल्या जागी काळी. बाजारात दंतीबीज म्हणून पुष्कळदा तीच देतात.

आणि मोहरी. पिवळ्या धोत्र्याचे बी शेतातूनच मोहरीत येते. १९९८ साली दिल्लीत या भेसळीच्या तेलाने जलशोथाची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. पिवळ्या धोत्र्याच्या दाण्यावर उठावदार जाळी आणि एका टोकाला चोच असते. पण राईच्या दाण्यावरही भिंगाखाली पुसटशी जाळी दिसते, तेव्हा नुसते ‘खडबडीत’ म्हणून चालत नाही. दाणा नखाने दाबा: मोहरीतून पिवळा गर निघतो, कारण तिच्या आत दुमडलेल्या दलिकाच भरलेल्या असतात, पिवळ्या धोत्र्यातून पांढरा, कारण तिथे सगळे पुष्क आहे आणि गर्भ टिचभर. १९७०च्या दशकात सरगुज्यातल्या यकृतविकाराच्या साथीत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदली या बारीक धान्यातून खुळखुळ्याच्या जातीच्या बिया वेचून काढल्या, तेव्हा त्यांनाही रोगाचे कारण आधी धान्याच्या मुठीतच सापडले.

भुकटीपुढे

वर सांगितलेले सारे सबंध दाण्याला लागू आहे. दाणा दळला की नाभी, कंगोरे, कड, लव, वळण सगळे एकदम नाहीसे होते. उरतात सूक्ष्मदर्शकातले अवशेष आणि रसायने. मिरीची पूड आयोडीनने निळी-काळी होते, कारण मिरीत पिष्ट ठासून भरलेले. पपईच्या बीत ते नसते. वावडिंगाच्या ईथरमधल्या अर्काला अमोनिया घातला की एंबेलिनमुळे जांभळट-निळा साका बसतो. मात्र वावडिंगाच्या जागी येणारी त्याच प्रजातीतली दुसरी फळेही एंबेलिन बाळगतात, म्हणजे ही कसोटी मिरी आणि पपई वगळते, भाऊबंद वगळत नाही. ते सबंध फळातच कळतात: खरे वावडिंग बारीक पुटकुळ्यांचे, दुसरे उभ्या रेघांचे. आता डीएनएच्या खुणेवरून जात ठरवता येते. ते तंत्र उत्तम, पण दाणा जुना आहे, किडका आहे, शोधन केलेला आहे की नाही, हे ते सांगत नाही.

म्हणून व्यवहारातला निर्णय असा देता येतो: औषधी बी सबंध विकत घ्यावी आणि घरी किंवा वैद्यासमोर दळावी. पुडीवर बोलीतले नाव कोणतेही असो, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग, फळ की बी, लिहिलेला असावा. प्रत्येक अत्ताराने आणि वैद्याने तज्ज्ञाकडून तपासून घेतलेल्या दाण्यांची एक वानगीपेटी दुकानात ठेवावी, नवा माल आला की तिच्याशी ताडून मगच डब्यात ओतावा. खर्च एका भिंगाचा आणि काही बाटल्यांचा आहे.

अनुसूची ई(१) मधले द्रव्य असलेल्या, पोटात घ्यायच्या तयार औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातलीच बी कागदाच्या पुडीत सुटी बांधून मिळते, तेव्हा त्या पुडीवर काहीही छापलेले नसते. कुचला, जेपाळ, गुंज, धोत्रा आणि खुरासानी ओवा या पाच वस्तू अशा पुडीतून घेऊ नका, कितीही ओळखीचे दुकान असले तरी.